राखेखालचा निखारा: ओडिसियस अजून का भावतो?

गेल्या गणपतीत घर माणसांनी भरलेलं होतं. रात्रीची आरती झाली, पोरं पडवीत आडवी झाली, आणि ठाण्याहून आलेल्या भाच्याने मोबाइलमधून डोकं वर काढलं. "मामा, हा ओडिसियस कोण? त्याच्यावर एवढा मोठा सिनेमा काढतायत. आणि गोष्ट काय, तर माणसाला घरी यायला दहा वर्षं लागली. यात हिरोगिरी कसली?"

त्या रात्री मी त्याला एकच प्रसंग सांगितला, तो शेवटी लिहितो. पण प्रश्न काही डोक्यातून जाईना. सुमारे २७०० वर्षांपूर्वीची गोष्ट, तीही ग्रीसमधली. त्यानंतर जगात याच्यापेक्षा बलवान, देखणे, पुण्यवान नायक किती तरी होऊन गेले. तरी दर पिढी याच्याकडेच वळते. कोकणात वाढलेल्या माणसाला याचं कारण लवकर कळेल असं मला वाटतं. ही गोष्ट दर्याची आहे, गावी वाट बघणाऱ्या घराची आहे.

गोष्ट थोडक्यात

'ओडिसी' हे प्राचीन ग्रीक कवी होमरच्या नावावर असलेलं महाकाव्य. चोवीस सर्ग, बारा हजारांच्या वर ओळी. इथाका नावाच्या खडकाळ बेटाचा राजा ओडिसियस ट्रॉय शहरावरच्या लढाईला जातो. लढाई दहा वर्षं चालते आणि शेवटी लाकडी घोड्याच्या पोटात सैनिक लपवण्याच्या त्याच्याच युक्तीमुळे संपते. तो बारा जहाजं घेऊन परत निघतो. वाटेत एकडोळ्या राक्षस, चेटकीण, वादळं, समुद्रदेव पोसायडनचा राग. आणखी दहा वर्षं जातात. जहाजं जातात, सोबती जातात, आणि तो एकटा घरी पोचतो. घरात तोवर १०८ जण ठाण मांडून बसलेले असतात. राजा मेला असं धरून त्याच्या बायकोला, पेनेलोपीला, मागणी घालत त्याचीच गुरं कापून खात असतात. तो भिकाऱ्याच्या वेशात शिरतो आणि मुलगा टेलेमॅकस व दोन इमानी गड्यांना हाताशी धरून त्यांना मारतो.

बारा गावचं पाणी

या माणसासाठी होमर दोन शब्द वापरतो. ते कळले की अर्धा माणूस कळला.

पहिला शब्द पॉलीट्रोपोस. तो काव्याच्या पहिल्याच ओळीत येतो. शब्दशः अर्थ 'पुष्कळ वळणांचा'. नशिबाने ज्याला वळणावळणाने फिरवलं तो, आणि ज्याची बुद्धी वळणं घेते तोही. आपण एखाद्याला 'बारा गावचं पाणी प्यायलेला' म्हणतो तेव्हा नेमकं हेच दुहेरी सांगायचं असतं: हा फिरलाय, आणि याला फसवणं सोपं नाही.

दुसरा शब्द पॉलीट्लास, म्हणजे पुष्कळ सोसणारा. हा शब्द काव्यात पुन्हा पुन्हा त्याच्या नावाला चिकटून येतो. असं का, याचं उत्तर १९३०च्या दशकात मिल्मन पॅरी या अभ्यासकाने युगोस्लाव्हियातल्या लोकगायकांची गाणी ध्वनिमुद्रित करून शोधलं. ही काव्यं कागदावरून वाचली जात नव्हती, ती आयत्या वेळी रचत गायली जायची. गाताना विचार करायला उसंत मिळावी म्हणून गायकाकडे ठरलेली शब्दजोड तयार असायची. देवळात गाऱ्हाणं घालणारा माणूस आठवा. त्याच्या हातात कागद नसतो. ठरलेले शब्द ठरलेल्या जागी येतात आणि त्यांच्या आधारावर तो त्या दिवशीचं, त्या घरचं मागणं रचत जातो.

तर या नायकाची ठरलेली ओळख बळाची नाही, सोसण्याची आहे. त्या काळी सगळ्यात मोठा वीर होता अकिलीस. त्याने लांब आयुष्य नाकारून कीर्ती घेतली आणि तरुणपणी मेला. ओडिसियस जेव्हा मेलेल्यांच्या लोकात त्याला भेटतो तेव्हा अकिलीस म्हणतो की इथे सगळ्या मेलेल्यांवर राज्य करण्यापेक्षा वर एखाद्या भूमिहीन, गरीब माणसाच्या घरी गडी म्हणून राबणं बरं. मला हा सगळ्या काव्यातला सर्वांत धाडसी क्षण वाटतो. ज्याने मरण निवडलं तोच जगण्याच्या बाजूने बोलतो, आणि समोर उभा असतो तो कसंही करून जगलेला माणूस.

पहिल्यांदा दिसतो तो रडताना

पहिले चार सर्ग नायक समोर येतच नाही, फक्त त्याच्याबद्दल बोलणं चालतं. पाचव्या सर्गात तो पहिल्यांदा दिसतो, तेव्हा तो कॅलिप्सो नावाच्या देवीच्या बेटावर, किनाऱ्यावर बसून समुद्राकडे बघत रडत असतो. सात वर्षं तो तिथे अडकलाय. ती त्याला अमर करायला तयार आहे, म्हातारपणही येणार नाही. तो म्हणतो, माझी बायको तुझ्याइतकी रूपवान नाही, ती मर्त्य आहे, हे मला ठाऊक आहे. तरी मला घरी जायचंय. वाटेत पुन्हा जहाज फुटलं तर तेही सोशीन. आजवर लाटांत आणि लढाईत पुष्कळ सोसलं, त्यात ही एक भर.

मग तो कामाला लागतो. वीस झाडं तोडतो. कुऱ्हाड, तासणी, गिरमिट घेऊन चार दिवसांत तराफा बांधतो, त्याला डोलकाठी आणि सुकाणू लावतो. सप्तर्षी डाव्या हाताला ठेवून चल, असं देवीने सांगितलेलं असतं. हर्णै बंदरातल्या कुठल्याही जुन्या तांडेलाला हे वाक्य ओळखीचं वाटेल. सतरा दिवस तो डोळ्याला डोळा न लावता कृत्तिकांकडे बघत सुकाणू धरतो. अठराव्या दिवशी जमीन दिसते आणि त्याच वेळी पोसायडन तराफा फोडतो.

इथून पुढचा भाग मी कितीदा तरी वाचलाय. इनो नावाची समुद्रदेवता त्याला एक ओढणी देते आणि सांगते, तराफा सोड, कपडे टाक आणि पोहत सुट. तो लगेच ऐकत नाही. मनाशी म्हणतो, हीही फसवणूक असेल. लाकडं एकमेकांना धरून आहेत तोवर इथेच थांबतो, ती सुटली की पोहतो. मग लाट येऊन सगळं विस्कटते. एका फळीवर घोड्यासारखी मांड टाकून तो कपडे उतरवतो, आणि पाण्यात उडी घेतो. दोन दिवस, दोन रात्री पोहतो. किनारा येतो तर तो नुसता कडा. खडकाला धरायला जातो, परतीची लाट त्याला ओढून नेते, आणि हाताची सालटी खडकाला चिकटून राहतात. होमर म्हणतो, ऑक्टोपसला बिळातून ओढून काढलं की त्याच्या चोषकांना खडे चिकटून येतात, तसं. ही उपमा खडकात हात घालून मासे धरलेल्या माणसालाच सुचेल.

शेवटी नदीचं मुख सापडतं. तो त्या नदीच्या देवाला गाऱ्हाणं घालतो: तू कोण आहेस मला ठाऊक नाही, पण ऐक. आणि नदी आपला ओघ थांबवते.

उघडा, सुजलेला, नाकातोंडातून खारं पाणी गळणारा असा तो जंगलात शिरतो, दोन झुडपांखाली पालापाचोळा गोळा करतो आणि त्यात स्वतःला पुरून घेतो. इथे होमरची उपमा येते. आडरानात राहणारा, जवळपास शेजारी नसलेला माणूस जसा जळता निखारा राखेत पुरून ठेवतो, आगीचं बी राखून ठेवतो, तसा.

माझी आजी हे रोज करायची. आमचं घर दापोलीच्या किनाऱ्याकडचं, आंजर्ल्याच्या बाजूला. रात्री जेवणं उरकली की ती चुलीतली लाकडं मागे ओढायची, ऐनाच्या लाकडाचा एक चांगला लालबुंद निखारा निवडायची आणि राखेत पुरायची. काडेपेटी घरात होती, पण पावसाळ्यात ती सादळायची. पहाटे ती राख अलगद बाजूला करी. वरून बघितलं तर सगळं काळं, थंड. ती त्यावर नारळाच्या सोडणाचे धागे ठेवून फुंकणीतून हलकी फुंकर घाली. दोन फुंकरांना काही होत नसे. तिसऱ्या-चौथ्या फुंकरीला आत कुठे तरी तांबडं दिसायचं.

चिवट नायक म्हणजे काय, हे मला याहून नीट कोणी सांगितलेलं नाही. जळत असताना सगळेच दिसतात. ओडिसियस आपल्याला विझल्यासारखा दिसतो, रडताना, पाल्यात झोपलेला, भिकाऱ्याच्या वेशात. पण आत विस्तव असतो.

विस्तव मागायला शेजार लागतो

आता एक हरकत मीच घेतो. चिवटपणाचं हे कौतुक धोक्याचं नाही का?

३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धनच्या आसपास किनाऱ्याला लागलं. श्रीवर्धन, मुरूड, मंडणगड, दापोली इथल्या वाड्या आडव्या झाल्या. आमच्या पोफळी निम्म्यातून पिळवटून मोडल्या होत्या, माड मुळासकट पडले होते. पोफळीला फळ धरायला पाच-सात वर्षं लागतात, माडालाही तेवढी किंवा जास्तच. त्यात टाळेबंदी. नंतर लांबून फोन यायचे आणि लोक कौतुकाने म्हणायचे, "कोकणी माणूस चिवट हो, पुन्हा उभा राहील." ते ऐकून मला राग यायचा. चिवट आहेत म्हणजे एकटे सोडले तरी चालतील, असा त्याचा अर्थ निघत होता.

होमर हा अर्थ काढू देत नाही. ओडिसियस एकदाही एकट्याच्या बळावर तरत नाही. इनोची ओढणी मिळते. पाल्यातून तो उघडा उठतो तेव्हा नॉसिका ही राजकन्या न घाबरता त्याला कपडे आणि अन्न देते. तिच्या बापाची माणसं त्याला जहाजाने इथाकाला पोचवतात, झोपेतच अलगद किनाऱ्यावर ठेवतात. इथाकात त्याला पहिल्यांदा घरात घेतो तो युमियस, डुकरं राखणारा, विकत घेतलेला गुलाम. समोरचा भिकारी म्हणजे आपला मालक हे त्याला माहीत नसतं. तरी तो म्हणतो की परके आणि भिकारी सगळे देवांच्या राजाचे, झ्यूसचे असतात, आणि रात्री स्वतःचा झगा त्याच्या अंगावर घालतो.

या रिवाजाला ग्रीक शब्द आहे झेनिया: दारात आलेल्याला आधी खाऊ-पिऊ घालायचं, नाव-गाव मागाहून विचारायचं. आपल्याकडे आलेल्याच्या हातात आधी गूळ-पाणी देतात, तेच हे. सगळ्या काव्याचा तराजू हाच आहे. एकडोळ्या राक्षस वाईट ठरतो कारण तो पाहुण्याला खातो. ते १०८ जण वाईट ठरतात कारण ते पाहुणे असून घर खातात.

आमच्या चुलीतला निखारा कधी विझायचाही. मग आजी मला करवंटी देऊन शेजारी पिटाळायची, विस्तव घेऊन ये म्हणून. वादळानंतर आमचा रस्ता मोकळा केला तो खाडीपलीकडच्या पोरांनी. करवती घेऊन आली, दोन दिवस राबली आणि चहा पिऊन गेली.

पण तो खोटं बोलतो, आणि माणसंही गमावतो

बोलतो. सर्रास बोलतो. राक्षसाने नाव विचारल्यावर 'कोणी नाही' असं सांगतो. राक्षसाचा डोळा फोडल्यावर तो ओरडतो, "मला कोणी नाही मारतंय!" आणि बाकीचे राक्षस घरी जातात. इथवर युक्ती. पण जहाज सुटल्यावर ओडिसियसला राहवत नाही. तो ओरडून खरं नाव, बापाचं नाव, गाव सगळं सांगतो. राक्षस पोसायडनचा मुलगा. तो बापाकडे शाप मागतो, आणि पुढची सगळी वर्षं त्या एका ओरडण्याची किंमत चुकवण्यात जातात.

दुसरी चूक मला जास्त बोचते. वाऱ्यांचा राखणदार त्याला सगळे उलटे वारे एका कातडी पिशवीत बांधून देतो. नऊ दिवस तो शिडाची दोरी दुसऱ्याच्या हातात देत नाही. दहाव्या दिवशी इथाका इतकी जवळ येते की किनाऱ्यावर विस्तवाजवळची माणसं दिसतात. म्हणजे हर्णैचा दिवा दिसावा, इतकं जवळ. तेव्हा त्याला झोप लागते. सोबत्यांना वाटतं पिशवीत सोनं आहे, ते ती सोडतात आणि वारा सगळ्यांना परत लोटून देतो. दोष त्यांचा म्हणावा, तर पिशवीत काय आहे हे त्याने त्यांना सांगितलेलंच नव्हतं.

या चुका आहेत म्हणूनच तो टिकलाय, असं माझं मत आहे. ज्याच्यावर फक्त बाहेरून संकटं येतात त्याची आपल्याला कीव येते. हा स्वतः केलेलं निस्तरत घरी जातो.

आपल्या मातीत असे नायक नाहीत का, असंही कोणी विचारेल. आहेत की. आमच्याच तालुक्यातल्या मुर्डीत जन्मलेल्या श्री. ना. पेंडशांचा 'गारंबीचा बापू' १९५२ सालचा. गावाशी उभं वैर पत्करून तो गावातच पाय रोवतो. त्यालाही कोणी गुणी बाळ म्हणणार नाही, आणि तरी माझ्या वडिलांच्या पिढीला तो घरातला वाटायचा.

घरात राहून सोसणारी

पेनेलोपी कोकणातल्या बाईला समजावून सांगावी लागत नाही. माझे आजोबा मुंबईत गिरणीत होते. वर्षातून एकदा बोटीने हर्णैला यायचे, पडावातून किनाऱ्याला लागायचे. उरलेलं वर्ष आजीकडे मनीऑर्डर यायची आणि शेती, पोरं, म्हाताऱ्या सासूचं औषध सगळं तिने बघायचं. घरोघरी हेच होतं.

पेनेलोपी वीस वर्षं घर धरून ठेवते. सासऱ्यासाठी कफन विणते आहे, ते झालं की लग्नाचं ठरवीन, असं सांगते. दिवसा विणते, रात्री मशालीच्या उजेडात उसवते. तीन वर्षं हे चालतं, चौथ्या वर्षी एक दासी फितूर होते. नवरा परत आल्यावरही ती गळ्यात पडत नाही. आमचा पलंग बाहेर आणून टाका, असं दासीला सांगते. तो पलंग जमिनीत रुजलेल्या ऑलिव्हच्या खोडातून कोरलेला, हलणार कसा? ओडिसियस चिडून ते बोलून जातो आणि तिला खूण पटते. बारा गावचं पाणी प्यायलेल्याला पकडणारी ही एकटीच. अर्ध्या ओडिसीवर तिचा हक्क आहे.

बारा मुलींचं काय?

ही हरकत सगळ्यात जड आहे आणि तिला माझ्याकडे समाधानकारक उत्तर नाही. त्या १०८ जणांच्या कत्तलीनंतर, त्यांच्यासोबत झोपलेल्या बारा दासींना आधी प्रेतं बाहेर काढायला लावतात, रक्त पुसायला लावतात आणि मग टेलेमॅकस त्यांना जहाजाच्या दोरावर फाशी देतो. फासात सापडलेल्या पाखरांसारखे त्यांचे पाय थोडा वेळ हलले, फार वेळ नाही, एवढंच होमर सांगतो. त्या गुलाम होत्या. नाही म्हणायची सोय त्यांना किती होती? जुन्या इंग्रजी भाषांतरांत त्यांना कुठे नुसतं मोलकरणी म्हटलंय, कुठे तर शिवीच घातलीय. एमिली विल्सन यांच्या २०१७ च्या इंग्रजी भाषांतरात त्यांना सरळ गुलाम म्हटलंय. ते वाचताना ओडिसियसवरची माया कमी होते, आणि तशी ती व्हायला हवी. जो स्वतः एवढं सोसून आला, त्याला दुसऱ्याचं सोसणं दिसलं नाही.

घरी येणं म्हणजे काय

घरी सुखरूप परतण्याला ग्रीकमध्ये नॉस्टोस म्हणतात. १६८८ साली योहानेस होफर या स्विस वैद्यकीच्या विद्यार्थ्याने त्याला वेदनेचा शब्द जोडून 'नॉस्टॅल्जिया' हा शब्द घडवला, आणि तो एका आजाराचं नाव म्हणून. गावापासून लांब राहणाऱ्यांना होणारा आजार. गणपतीच्या गाड्यांची तिकिटं ज्या वेगाने संपतात ते बघितलं की होफरने नाव योग्य दिलं असं वाटतं.

पण परतलेल्याला घर ओळखत नाही, हे होमरला ठाऊक होतं. ओडिसियसला ओळखतो तो आधी कुत्रा. अर्गोस, त्याने पिल्लू असताना वाढवलेला, आता दाराबाहेर शेणाच्या ढिगावर पडलेला, अंगभर गोचिड्या. उठायची ताकद नाही. तो शेपटी हलवतो, कान खाली पाडतो आणि मरतो. धन्याला त्याच्याजवळ जाताही येत नाही, कारण वेश उघडा पडेल. तो तोंड फिरवून डोळे पुसतो. त्यानंतर एका रात्री स्वतःच्याच घराच्या पडवीत परक्यासारखा पडलेला असताना घरातले चाळे ऐकून त्याचं काळीज कुत्रीसारखं गुरगुरतं, तेव्हा तो छातीवर हात मारून त्याला म्हणतो, सोस, याहून वाईट सोसलंयस.

बापाला तो सगळ्यात शेवटी भेटतो. म्हातारा लेअर्टिस बागेत एका झाडाच्या बुंध्याशी खणत असतो, ठिगळ लावलेल्या कपड्यांत. मी तुझा मुलगा, यावर त्याचा विश्वास बसत नाही. मग ओडिसियस झाडं मोजून दाखवतो. लहानपणी मी तुमच्या मागे मागे फिरायचो आणि तुम्ही मला झाडं दिली होती: तेरा पेअरची, दहा सफरचंदाची, चाळीस अंजिराची, आणि द्राक्षाच्या पन्नास ओळी. म्हाताऱ्याचे गुडघे लटपटतात. आमच्या वाडीत हे कलम आत्याच्या लग्नाच्या वर्षीचं, तो माड माझ्या बारशाचा, असं वडील सांगत फिरायचे. निसर्ग वादळानंतर ते काठी टेकत वाडीत गेले आणि पडलेली झाडं अशीच नावानिशी मोजून आले.

आता भाच्याला सांगितलेला प्रसंग. पेनेलोपी भेटते त्याच रात्री ओडिसियस तिला सांगतो की मला अजून एकदा जायचंय. मेलेल्यांच्या लोकातल्या टायरेसियस या ज्योतिष्याने तसं सांगून ठेवलंय. खांद्यावर वल्हं घ्यायचं आणि समुद्राकडे पाठ करून चालत सुटायचं. ज्यांनी समुद्र पाहिला नाही, जे जेवणात मीठ घालत नाहीत, अशा माणसांच्या मुलखात जायचं. तिथे एखादा वाटसरू विचारील, "खांद्यावर हे धान्य उफणायचं फावडं कशाला घेतलंयस?" तिथेच ते वल्हं जमिनीत रोवायचं, पोसायडनचा मान द्यायचा आणि मागे फिरायचं. त्यानंतर दर्याचं वैर संपेल.

भाचा थोडा वेळ गप्प होता. मग म्हणाला, "म्हणजे आपल्याला कुंभार्ली घाट चढून पार पाटणच्या पुढे जावं लागेल."

सकाळी मी चहा घेऊन बाहेर आलो, तर त्याने माळ्यावरचं काकांच्या होडीचं वल्हं खाली काढलं होतं आणि अंगणात उभा राहून ते खांद्यावर तोलून बघत होता.